इतिहासाचा विद्यार्थी आणि ऐतिह्याचे प्रामाण्य

महाराष्ट्रातील महाविद्यालयात कला शाखेच्या पदवीसाठी इतिहास हा मुख्य विषय निवडणारा विद्यार्थी, ज्याला पूर्वी ‘स्पेशल’चा विद्यार्थी म्हणत आणि नव्या शैक्षणिक धोरणानंतर ‘मेजर’चा म्हणतात, तो वर्गात येतो तेव्हा त्याची पाटी कोरी नसते. घरातल्या पारायणातून, गावच्या सप्ताहातील कीर्तनातून, जत्रेतून, पोवाड्यातून आणि आजोळी ऐकलेल्या गोष्टींतून भूतकाळाचे एक भरगच्च चित्र त्याच्या मनात आधीच उभे असते, आणि त्या चित्रातील कित्येक माणसे त्याला पूज्य असतात. ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली, नामदेवाच्या हातचा नैवेद्य विठ्ठलाने खाल्ला, तुकोबांच्या वह्या इंद्रायणीने तारल्या, हे सारे त्याने धडा म्हणून पाठ केलेले नसते. ते त्याच्या घडणीतच मुरलेले असते. पदवीच्या वर्गात मात्र भूतकाळाविषयीच्या प्रत्येक विधानाला ‘कशावरून?’ असे विचारण्याची शिस्त लावली जाते, आणि ही शिस्त प्रामाणिकपणे पाळू लागलेल्या विद्यार्थ्यापुढे आज ना उद्या एक प्रश्न उभा राहतोच. परंपरेने हाती आलेले ज्ञान हे ज्ञान आहे काय? असेल तर ते कोणत्या प्रमाणावर उभे आहे, आणि नसेल तर त्यावर विसंबलेल्या श्रद्धेचे काय करायचे? हा प्रश्न जितका इतिहासाचा आहे तितकाच धर्माचा आणि तत्त्वज्ञानाचाही आहे.

या प्रश्नातून सुटण्याच्या दोन सोप्या वाटा नेहमी वापरल्या जातात. श्रद्धा घरी आणि पुरावा वर्गात, अशी वाटणी करून दोहोंची गाठच पडू द्यायची नाही, ही पहिली वाट. आणि पुराव्याने सिद्ध झाले नाही ते खोटे, असा निकाल देऊन मोकळे व्हायचे, ही दुसरी. पहिलीत विद्यार्थ्याचे मन दुभंगते आणि त्याचा अभ्यास उत्तरपत्रिकेपुरता उरतो. दुसरीत त्याच्या हाती एक उसना आत्मविश्वास येतो, ज्याला तर्काचा आधार नसतो. विशेष खेदाची गोष्ट अशी की, या प्रश्नाचा सूक्ष्म विचार भारतीय प्रमाणशास्त्राने, म्हणजे यथार्थ ज्ञान कोणत्या साधनांनी होते याची चिकित्सा करणाऱ्या शास्त्राने, फार पूर्वी करून ठेवला आहे. परंतु तो तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला जातो आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्याचा गंधही लागत नाही.

न्यायदर्शनाने ज्ञानाची चार प्रमाणे मानली आहेत: इंद्रियांनी होणारे प्रत्यक्ष, खुणेवरून केलेले अनुमान, सादृश्यावरून होणारे उपमान आणि विश्वसनीय माणसाच्या सांगण्यावरून होणारे शब्दज्ञान. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात यावर एक आक्षेप नोंदवलेला आहे. प्रमाणे चारच कशी, ऐतिह्य हेही एक प्रमाण नव्हे काय, असा तो आक्षेप आहे. ऐतिह्य म्हणजे ‘असे म्हणतात’ या स्वरूपात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले, परंतु प्रथम कोणी सांगितले हे ठाऊक नसलेले कथन. ‘या वडावर यक्ष राहतो’ हे त्याचे ठरलेले उदाहरण असून, गावाबाहेरच्या पिंपळावर मुंजा असतो हे ऐकत वाढलेल्या मराठी विद्यार्थ्याला ते निराळे समजावून सांगावे लागत नाही. आक्षेपाला सूत्रकारांचे उत्तर असे आहे की, ऐतिह्याला स्वतंत्र प्रमाण मानण्याची गरज नाही, कारण ते शब्दप्रमाणातच सामावते. वरवर पाहता हा वर्गीकरणाचा किरकोळ वाद वाटतो, परंतु त्याचा परिणाम मोठा आहे. ऐतिह्य एकदा शब्दप्रमाणात बसवले की शब्दप्रमाणाची अट त्यालाही लागू होते, आणि ती अट अशी की, सांगणारा ‘आप्त’ असला पाहिजे.

आप्त या संज्ञेचा अर्थ येथे नातेवाईक असा घ्यायचा नाही. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाच्या मते, ज्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती सांगण्याच्या इच्छेने जो बोलतो, तो आप्त होय. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असेही त्याने स्पष्ट म्हटले आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या शेवटच्या विधानापाशी बराच वेळ थांबावे, कारण साधनचिकित्सेचे मर्मच त्यात आले आहे. सांगणारा कोणत्या धर्माचा, कोणत्या जातीचा, आपल्या पक्षाचा की विरुद्ध पक्षाचा, यावर त्याच्या साक्षीचे मोल ठरत नाही. त्याला ती गोष्ट कळण्याची संधी होती काय आणि ती जशी कळली तशी सांगण्याची त्याची तयारी होती काय, यावर ते ठरते. ६ जून १६७४ रोजी रायगडावर झालेल्या शिवराज्याभिषेकाच्या वेळी मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन तेथे हजर होता, आणि त्याने पाहिलेल्या गोष्टी लिहून ठेवल्या. या समारंभाविषयी त्याची साक्ष सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर लिहिल्या गेलेल्या मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीपेक्षा अधिक जवळची ठरते, मग तो परधर्मी व्यापाऱ्यांचा नोकर का असेना. अर्थात विधींचा अर्थ त्याला किती कळला, हा प्रश्न वेगळा, आणि तोही आप्तत्वाच्या कसोटीनेच विचारायचा आहे.

याहून महत्त्वाचा मुद्दा वाचस्पती मिश्राने मांडला आहे. सांख्यतत्त्वकौमुदी या ग्रंथात ऐतिह्याचा विचार करताना तो म्हणतो की, ज्या कथनाचा मूळ वक्ता निर्दिष्ट नाही ते संशयास्पद असते. आणि वक्ता आप्त आहे असा निश्चय झाला, तर ते कथन ऐतिह्य राहत नाही, शब्दप्रमाण होते. वाचस्पतीने अशा कथनाला ‘खोटे’ म्हटलेले नाही, ‘सांशयिक’ म्हटले आहे. सत्य आणि असत्य यांच्या मधोमध संशयाची ही तिसरी जागा आहे, आणि पदवीच्या तीन-चार वर्षांत इतिहासाच्या विद्यार्थ्याने शिकण्यासारखी सर्वांत कठीण गोष्ट कोणती असेल, तर या तिसऱ्या जागेवर न डगमगता उभे राहणे. सिद्ध न झालेल्या गोष्टीला सिद्ध म्हणायचे नाही, आणि सिद्ध झाली नाही एवढ्यावरून तिला खोटीही ठरवायचे नाही, हे संयमाचे काम आहे. भक्ताला त्यात श्रद्धेचा अपमान वाटतो, आणि विवेकवादी म्हणवणाऱ्याला भित्रेपणा वाटतो; पण मनुष्याला जेवढे कळले आहे तेवढेच कळले आहे असे म्हणण्यात ना अपमान आहे, ना भित्रेपणा.

आपल्याकडील पदवी अभ्यासक्रमात या संयमाला जागा आहे, पण ती कागदावर. इतिहासलेखनशास्त्र किंवा इतिहासाची पद्धती या नावाचा पेपर बहुधा शेवटच्या वर्षाला असतो, आणि त्यात साधनांचे ‘बाह्य परीक्षण’, म्हणजे कागद अस्सल आहे की बनावट याची तपासणी, आणि ‘अंतर्गत परीक्षण’, म्हणजे अस्सल कागदातील मजकूर कितपत विश्वसनीय आहे याची तपासणी, अशा व्याख्या गाइडमधून पाठ करून घेतल्या जातात. ज्या विद्यार्थ्याने एकही अस्सल पत्र समोर ठेवून वाचलेले नाही, त्याला या व्याख्यांचा काहीच उपयोग नाही. पेशवे दप्तरातील एखाद्या रुमालातले मोडी पत्र हाती घेतले तर पहिला अडसर तारखेचाच येतो. पत्रावर ‘छ’ या खुणेपुढे मुसलमानी महिन्याचा चंद्र दिलेला असतो, वर्ष दिलेच असेल तर ते ‘खमस सबैन मया व अलफ’ अशा अरबी संख्याशब्दांत असते, आणि पाच, सत्तर, शंभर व हजार यांची बेरीज करून सुहूर सन ११७५ निघाला की त्यात ५९९ मिळवून ते पत्र इसवी सन १७७४-७५ मधले आहे, असे ठरते. पुष्कळ पत्रांवर वर्ष नसतेच. अशा वेळी मजकुरात आलेल्या मोहिमेच्या, माणसांच्या, मुक्कामांच्या उल्लेखांवरून ते लावावे लागते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातील पानिपतच्या काळातील पत्रांपाशी हीच मेहनत त्यांना घ्यावी लागली, आणि अशा मेहनतीतूनच त्यांचा अस्सल कागदाविषयीचा आग्रह व बखरींविषयीचा अविश्वास पक्का होत गेला. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला असे एक पत्र बाळबोध लिप्यंतरासह महिनाभर दिले, तर परीक्षणाच्या व्याख्या त्याला शिकवाव्या लागणार नाहीत. तो त्या स्वतः तयार करील.

श्रद्धेच्या क्षेत्रातही ही मेहनत किती खोल जाते, याचे बोलके उदाहरण शिवजयंती हे आहे. शिवाजी महाराजांच्या जन्माचे वर्ष दीर्घकाळ शके १५४९, म्हणजे १६२७, असे धरले जात होते. कारीच्या जेधे घराण्याकडे सापडलेली शकावली, म्हणजे वर्षवार घटनांची टाचणे, लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी होती. तिला कवींद्र परमानंदाच्या शिवभारताचा आणि राजस्थानात मिळालेल्या एका कुंडलीचा दुजोरा मिळाला. आज १९ फेब्रुवारीला जे लक्षावधी लोक महाराजांना वंदन करतात, त्यांच्या वंदनाचा दिवस कागदांच्या चिकित्सेतून आलेला आहे. जन्मवर्ष तीन वर्षांनी पुढे सरकल्याने कोणाचा आदर तसूभरही कमी झाला नाही.

तिथीच्या प्रश्नावर हे समाधान पुरते. चरित्राच्या आणि चमत्काराच्या प्रश्नावर ते पुरत नाही. तेथे रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्याकडे वळणे भाग आहे. भांडारकर हे १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ होते, ईश्वराची उपासना हा त्यांच्या जीवनाचा केंद्रबिंदू होता, आणि संतांचे अभंग हा त्या उपासनेचा जिवंत भाग होता. हेच भांडारकर १८८८ मध्ये मुंबईत चिकित्सक, तौलनिक आणि ऐतिहासिक पद्धतीवर व्याख्यान देत होते, आणि वैष्णव, शैव व इतर पंथांवरील १९१३ च्या ग्रंथात त्यांनी नामदेवांना परंपरेने मानलेल्या काळापासून सुमारे एक शतक पुढे आणले. ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे १२९० मध्ये पूर्ण झाल्याचे तिच्या अखेरीस सांगितले आहे. नामदेवांच्या अभंगांची मराठी तिच्या मानाने पुष्कळच अर्वाचीन दिसते. तेव्हा दोघे समकालीन असणे कठीण, असा त्यांचा युक्तिवाद होता. ज्या नामदेवांचे अभंग उपासनेत म्हणायचे त्यांचाच काळ अभ्यासिकेत हलवायचा, यात भांडारकरांना विसंगती वाटली नाही, कारण अभंगाचे सत्य आणि अभंगाची तारीख या दोन गोष्टी त्यांच्या मनात कधी एक नव्हत्या.

भांडारकरांचा निष्कर्ष पुढे सर्वमान्य झाला नाही, आणि तो का झाला नाही हे विद्यार्थ्याला सांगणे फार मोलाचे आहे. अभंग पिढ्यान्‌पिढ्या टाळमृदंगाच्या साथीने तोंडोतोंडी चालत आले. गाणाऱ्याने आपल्या काळची रूपे नकळत त्यात आणली. त्यामुळे आज हाती असलेल्या अभंगाची भाषा ही तो टिकवणाऱ्यांच्या काळाची साक्ष देते, रचणाऱ्याच्या काळाची देतेच असे नाही. थोडक्यात, भांडारकरांचे निरीक्षण अचूक होते, पण त्यावरून काढलेल्या अनुमानातील व्याप्ती, म्हणजे ‘जेथे भाषा अर्वाचीन तेथे रचनाकार अर्वाचीन’ हा नियम, मौखिक परंपरेला लागू पडत नव्हता. भक्ताच्या दृष्टीने येथे जिंकले कोणी? परंपरेचा काळ बहुधा योग्य ठरला, पण तो ‘परंपरा म्हणते म्हणून’ योग्य ठरला नाही. तो आक्षेप झेलून, युक्तिवादाने योग्य ठरला, आणि अशा तऱ्हेने तावूनसुलाखून निघालेले मत पूर्वीच्या मतासारखे दिसले तरी त्याचा दर्जा वेगळा असतो.

आता चोखामेळ्यांचा विचार करावा, कारण या विषयाची खरी कसोटी तेथे आहे. शके १२६०, म्हणजे १३३८ मध्ये, मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या बांधकामावर राबत असताना भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गाडले गेले, असे परंपरा सांगते. पुढची कथा अशी की, नामदेव त्यांच्या अस्थी आणायला मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यात अनेकांच्या अस्थी एकत्र मिसळलेल्या होत्या. ज्या अस्थींतून ‘विठ्ठल’ नाम ऐकू येत होते त्या चोखोबांच्या म्हणून नामदेवांनी ओळखल्या, पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या कथेचे करायचे काय?

अस्थी बोलल्या असे तो सिद्ध करू शकत नाही, आणि त्याने तसे लिहूही नये. परंतु ‘दंतकथा’ असा शिक्का मारून तो पुढे गेला, तर त्याच्या हातून एक अव्वल दर्जाचे साधन निसटते. कथा जे घडले म्हणून सांगते त्याची ती साक्ष असो वा नसो, सांगणाऱ्यांच्या मनाची ती साक्ष निश्चित आहे. ज्या माणसाला देवळाच्या आत पाऊल ठेवण्याचा अधिकार नव्हता, त्याच्या हाडांत देवाचे नाव मुरले होते, आणि त्या नावावरूनच त्याची ओळख पटली, असे ही कथा सांगते. समाजाने त्याला जातीने ओळखले होते. कथेने त्याला नामाने ओळखले. जातीच्या निर्णयाविरुद्ध वारकरी परंपरेने मांडलेला हा एक गंभीर युक्तिवाद आहे, आणि त्याची मर्यादाही त्याच कथेत दिसते, कारण अस्थी पंढरपुरास आल्या तरी त्या महाद्वाराच्या बाहेरच राहिल्या. समाधीची ती जागा हा मात्र डोळ्यांनी पाहता येणारा पुरावा आहे. त्या दारातून अस्पृश्य मानलेल्या भाविकांना आत जाता यावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषणास बसावे लागले आणि त्यानंतरच ते दार उघडले. कथेचा युक्तिवाद आणि दाराचे वास्तव यांच्यात सहाशे वर्षांहून अधिक अंतर पडले, हे ज्याला दिसते त्याला चोखामेळ्यांची कथा खरी की खोटी एवढाच प्रश्न विचारून थांबता येणार नाही.

पंढरपुरातच, विठ्ठलाच्या देवळात, ‘चौऱ्यांशीचा शिलालेख’ म्हणून ओळखली जाणारी शिळा आहे. तिला पाठ घासली असता चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी भाविकांची समजूत चालत आली आहे. शिळेवरील अक्षरे वाचली तर निघते ती यादवराजा रामचंद्र याच्या काळातील, शके ११९५ म्हणजे १२७३ पासूनच्या देणग्यांची नोंद: कोणी काय दिले आणि किती दिले. अभ्याससहलीला आलेल्या विद्यार्थ्यांना हे सांगितले की त्यांच्यापैकी काही जण हसतात, आणि शिक्षकाने तेथे त्यांना थांबवले पाहिजे. देणगीदारांनी आपली नावे दगडावर कोरून घेतली ती देवाच्या सान्निध्यात आपले काही कायम राहावे म्हणून. पाठ घासणाऱ्या वारकऱ्याला मुक्ती हवी असते तीही त्याच सान्निध्यातून. लेख वाचणाऱ्याला यादवकालीन पंढरपुराची माणसे भेटतात, आणि पाठ घासणारी माणसे न वाचता त्याच माणसांच्या रांगेत उभी राहतात. त्या रांगेचाही इतिहास आहे आणि तो कोणीतरी लिहायला हवा.

तुकोबांच्या वह्यांची कथा निराळी अडचण उभी करते. चोखोबांच्या अस्थींची कथा प्रथम कोणी सांगितली हे ठाऊक नाही, म्हणून ती ऐतिह्य ठरते. वह्यांच्या कथेविषयी असे म्हणता येत नाही. ती खुद्द तुकोबांच्या नावावरील अभंगांत आहे, आणि त्यांच्या हयातीत देहूत येऊन राहिलेल्या बहिणाबाईंनीही तिचा उल्लेख केला आहे. साक्षीदार त्याच पिढीतील आहेत, त्यांच्या सचोटीविषयी शंका घ्यायला जागा नाही. मग आप्ताच्या कसोटीवर ही कथा मान्य करावी काय? येथे आधुनिक इतिहासपद्धतीचे एक गृहीतक पुढे येते, जे जर्मन धर्मशास्त्रज्ञ अर्न्स्ट ट्रोल्च याने १८९८ मध्ये साम्याचे तत्त्व म्हणून मांडले. आजच्या अनुभवात ज्या प्रकारच्या घटना घडताना दिसतात, त्यांच्याशी साम्य असलेल्या घटनाच भूतकाळातही संभवनीय मानायच्या, असे ते तत्त्व आहे. पाण्यात बुडालेला कागद अनेक दिवस कोरडा राहिल्याचे आज कोठे दिसत नाही, म्हणून साक्ष जवळची असली तरी इतिहासकार ती घटना घडली असे लिहीत नाही.

या तत्त्वाविषयी विद्यार्थ्याशी पूर्ण प्रामाणिक राहणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. साम्याचे तत्त्व हा दप्तरात सापडलेला निष्कर्ष नाही. दप्तर उघडण्यापूर्वी इतिहासकाराने पत्करलेला तो नियम आहे. तो न पत्करला तर कोणत्याही कथनाला कोठेही थांबवता येणार नाही, आणि हिंदूंचे चमत्कार खरे व ख्रिस्ती वा मुसलमानांचे खोटे, किंवा याच्या उलट, असा पक्षपात अटळ होईल. म्हणून तो आवश्यक आहे. पण आवश्यक नियम आणि सिद्ध झालेले सत्य यांत फरक आहे. हा नियम पाळणारा इतिहासकार ‘या साधनांवरून ही घटना घडली असे आमच्या पद्धतीने म्हणता येत नाही’ एवढेच बोलू शकतो. ‘ईश्वर असे काही करीत नाही’ हे विधान त्याच्या शास्त्राच्या कक्षेबाहेरचे आहे, आणि ते करण्याचा मोह त्याने आवरला पाहिजे. त्याच न्यायाने, ईश्वराने वह्या तारल्या हे विधान भक्ताने उपासनेत खुशाल करावे. ते ऐतिहासिक पुराव्याने सिद्ध झाले आहे असे म्हणू लागला, की मात्र तो इतिहासकाराच्या अंगणात आला आणि तेथील नियम त्याला बांधून ठेवणार. ट्रोल्च स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती होता, आणि हा नियम आपल्या धर्माच्या कथांनाही लागू करावा लागेल हे त्याला पुरते ठाऊक होते, ही गोष्ट येथे विसरू नये.

साक्षीचा प्रश्न सुटला तरी साक्ष नसण्याचा प्रश्न उरतो, आणि पदवीच्या वर्गात तो सर्वांत कमी चर्चिला जातो. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती वेदान्ती यांनी अनुपलब्धी हे वेगळे प्रमाण मानले आहे. अनुपलब्धी म्हणजे न आढळणे. एखादी वस्तू न आढळल्यावरून ती नाही असे ज्ञान होते, ते या प्रमाणाने. परंतु त्यांनी तिला एक अट घातली आहे: ती ‘योग्य’ अनुपलब्धी हवी, म्हणजे ती वस्तू असती तर आढळलीच असती अशी परिस्थिती हवी. उजेड असलेल्या खोलीत घट दिसला नाही तर तेथे घट नाही असे म्हणता येते. अंधाऱ्या खोलीत तो दिसला नाही, तर काहीच म्हणता येत नाही.

महाराष्ट्राच्या मध्ययुगीन इतिहासाची साधने पाहिली तर त्यांतील फार मोठा भाग अशा अंधाऱ्या खोलीचा आहे. सनदा वतनदारांना मिळाल्या, महजरांवर पाटील, कुलकर्णी, देशमुख यांच्या निशाण्या झाल्या, पत्रे लिहिता येणाऱ्यांनी लिहिली आणि राखता येणाऱ्यांनी राखली. चोखोबांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मुलगा कर्ममेळा यांच्याविषयी अभंगांपलीकडे अस्सल कागद सापडत नाही, तो ती माणसे झाली नाहीत म्हणून नव्हे. कागद करणाऱ्या व्यवस्थेत त्यांना नोंदण्याची सोयच नव्हती म्हणून. ‘कागद नाही, म्हणून इतिहास नाही’ हे सूत्र राजवाड्यांच्या परंपरेतून अनेकांनी उचलले. ते राज्यकारभाराच्या इतिहासाला पुष्कळ अंशी शोभते, पण गावकुसाबाहेरच्या माणसांना लावले, की एका अन्यायावर दुसरा अन्याय चढतो: जिवंतपणी देवळात नाही, आणि मेल्यावर इतिहासात नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या उगमाविषयीचा आपला ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध केला, तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी इतिहासकाराच्या मार्गातील या अडचणीचा विचार केला आहे. जेथे साखळीतील दुवे तुटलेले आहेत तेथे काय करायचे, संशोधनच सोडून द्यायचे काय, असा त्यांचा प्रश्न होता. आणि ज्ञात तथ्यांना धरून अनुमानाने व कल्पकतेने तो दुवा जोडावा, मात्र तो जोडलेला आहे हे लपवू नये, अशी त्यांची भूमिका होती. त्यांचा सिद्धान्त कोणी मान्य करो वा न करो, या भूमिकेतील नैतिक भार विद्यार्थ्याला जाणवला पाहिजे. ज्यांच्या बाजूने कागद बोलत नाहीत त्यांच्याविषयी इतिहासकाराने अधिक कष्ट घ्यायचे आहेत, आणि त्या कष्टांत अधिक पारदर्शकही राहायचे आहे. मृतांविषयीच्या आस्थेने पुराव्यात भर घालण्याची परवानगी मिळत नाही.

या ठिकाणी एक शंका विचारली जाईल, आणि ती रास्त आहे. संशयाची ही शिस्त अखेर श्रद्धेला पोखरणार नाही काय? अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, जेव्हा मन अजून घडते आहे, तेव्हा मुलांना हे शिकवणे धोक्याचे नाही काय? काहींच्या बाबतीत श्रद्धा पोखरली जाईल, हे मान्य केले पाहिजे. शिक्षणाने कोणाचेच काही बदलणार नाही अशी हमी देता येत नाही. परंतु संशय हा बाहेरून आलेला पाहुणा आहे ही समजूत चुकीची आहे. मराठी भक्तिपरंपरेनेच आपल्या सर्वांत पूज्य ग्रंथाच्या बाबतीत तो किती गांभीर्याने हाताळला, याचा दाखला शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये सापडतो. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत तीन शतकांत पाठभेद शिरले होते, नकलाकारांनी आपल्या पदरच्या ओव्या घातल्या होत्या. तेव्हा पैठणच्या एकनाथांनी प्रती शोधून, ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, काम कोणत्या वर्षी पूर्ण झाले ते नोंदवले, आणि यापुढे कोणी त्यात स्वतःची ओवी मिसळू नये, असे बजावून ठेवले. ज्या ओव्या त्यांनी गाळल्या, त्यांपैकी कित्येक कोणा ना कोणा भक्ताने भक्तिभावानेच लिहिल्या असणार, आणि ऐकणाऱ्यांना त्या गोडही लागत असणार. तरीही त्या ज्ञानेश्वरांच्या नव्हत्या, एवढे कारण एकनाथांना पुरेसे वाटले. प्रथम वर्षाच्या पहिल्या सत्रात, साधनचिकित्सा हा शब्दही उच्चारण्यापूर्वी, विद्यार्थ्यांपुढे एकनाथांचे हे काम ठेवावे: त्यांच्यापुढे कोणत्या प्रती असतील, एक पाठ ठेवून दुसरा त्यांनी कशावरून सोडला असेल, आणि सोडताना त्यांना काय वाटले असेल, याची विद्यार्थ्यांना चर्चा करू द्यावी.